जुन्या काडीवर फूल येतं



मागच्या वर्षी शावुओतच्या सणाला माझ्या धाकट्या नातवाने मला एक कुंडी आणून दिली. कुंडीत हायड्रेंजियाचं झाड आणि त्यावर कोबीच्या गड्ड्याएवढे तीन गुलाबी झुबके. इथे त्याला हॉर्टेन्झिया म्हणतात. नातू अकरा वर्षांचा. साठवलेल्या पैशातून त्याने आजीसाठी झाड आणलं, याचं मला फार कौतुक वाटलं. अश्दोदच्या आमच्या बाल्कनीत मी ती कुंडी ठेवली आणि रोज न चुकता पाणी घातलं.

हिवाळ्यात पानं गळली आणि नुसत्या काड्या उरल्या. मला वाटलं, चला, आता छाटून टाकू. अलिबागला आमचे बाबा पावसाळा संपला की ऑक्टोबरात गुलाब छाटायचे, आणि दीड महिन्यात झाड फुलांनी भरून जायचं. तोच हिशेब डोक्यात धरून मी जानेवारीत सगळ्या काड्या वीतभर ठेवून कापल्या. वसंतात झाड छान फुटलं, पानं हिरवीगार आली, पण शावुओत आला नि गेला तरी फूल एकही नाही. नातू रोज येऊन पाहायचा. शेवटी त्याने विचारलं, "आजी, माझं झाड आजारी आहे का?"

झाड आजारी नव्हतं. त्याची फुलं आजीनेच जानेवारीत कापून कचऱ्यात टाकली होती. आणि खरी लाज वाटली ती याची, की ही गोष्ट मला कुणी शिकवलीच नव्हती असं नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी ओमानच्या डोंगरावरच्या एका म्हातारीने मला ती नीट शिकवली होती. त्या म्हातारीची हकीकत आज सांगते. छाटणीचं शास्त्र त्यातच आलं.

मुंबईत नर्सिंगचं शिक्षण घेऊन काही वर्षं नोकरी केल्यावर १९८१ ते १९८५ मी ओमानमध्ये काम केलं. इस्राएलला आलो ते त्यानंतर. १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा त्या अख्ख्या देशात शाळा होत्या तीन. पुढे शाळा, रस्ते, इस्पितळं भराभर उभी राहिली आणि परिचारिका हव्या म्हणून आपल्याकडून मुली गेल्या. बहुतेक केरळच्या, आमच्यासारख्या मराठी मोजक्याच. मी निझवा भागातल्या एका सरकारी इस्पितळात होते. भाषेची भीती वाटत होती, पण म्हाताऱ्या माणसांना थोडं थोडं हिंदी कळायचं. त्यांच्या तरुणपणी तिथे रुपयाच चालत असे. आजही ओमानच्या रियालचे हजार भाग होतात, त्यांना 'बैसा' म्हणतात. मुलांनो, हा आपला पैसाच बरं का.

१९८३ च्या जानेवारीत एक म्हातारी दाखल झाली. शेताच्या बांधावरून घसरून पडली होती आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हा अशा रुग्णांना पायाला वजन बांधून सहा-आठ आठवडे पलंगावर खिळवून ठेवावं लागे. सगळे तिला 'खालती' म्हणायचे. अरबीत खालती म्हणजे 'माझी मावशी'. मला मात्र आपलं 'खालती' आठवायचं आणि हसू यायचं. ती मला 'बिंती' म्हणायची, म्हणजे 'माझी मुलगी'.

खालतीचं गाव जबल अखदरवर. अखदर म्हणजे हिरवा, तेव्हा हा हिरवा डोंगर. पायथ्याच्या बिरकत अल मौझपासून चढ सुरू होतो आणि वरचं सैकचं पठार साधारण २,००० मीटर उंचीवर आहे. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्याही वर माणसं घरं बांधून शेती करतात. खाली मस्कतला उन्हाळ्यात जीव नकोसा होतो आणि वर हिवाळ्यात रात्री पाणी गोठतं. त्या थंडीमुळेच तिथे डाळिंब, अक्रोड, जर्दाळू होतात, आणि गुलाब होतो.

खालतीला दुखण्यापेक्षा काळजी होती गुलाबाची. मुलगा लहानपणीच बहारीनला कामाला गेलेला. १९७० पूर्वी असे कितीतरी ओमानी तरुण पोटासाठी बाहेर गेले होते. तो नुकताच परत आला होता आणि आई इस्पितळात म्हणून शेत त्याच्या हातात आलं होतं. रोज सकाळी मी ताप बघायला गेले की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: "बिंती, तो सगळं कापून टाकील." आम्ही तिची समजूत घालायचो, "आई, तुमचा पाय आधी." ती तोंड फिरवायची.

त्याच सुमारास लसीकरणाच्या गाडीबरोबर मला वर जायचं होतं. हे कळल्यावर खालतीने माझा हात धरला आणि निरोप घोकून घेतला, शाळेत कविता पाठ करून घेतात तसा. "करडी, सालपटं निघालेली काडी असेल ती कापायची, पण आता नाही, फुलं झाल्यावर. वाळलेलं तेवढं आता काढ. हिरव्या, जाड, नव्या फोकांना हात लावू नकोस."

त्या वेळी वर डांबरी रस्ता नव्हता. लँड रोव्हर गचके खात चढत होती आणि मी लसीची थंड पेटी मांडीवर घट्ट धरून बसले होते. गावात पोहोचल्यावर पाहते तर दरीच्या कडेला पायऱ्यांसारखी शेतं, एकाखाली एक, दगडी बांधांची. आपल्या कोकणात डोंगरउतारावर भाताची खाचरं असतात, त्यांची आठवण झाली. खालतीच्या गुलाबाच्या दोन पायऱ्या होत्या. वरची पायरी तिच्या मुलाने जमिनीपासून हातभर ठेवून साफ कापली होती. खालच्या पायरीला नुकताच हात घातला होता.

मी निरोप सांगितला. त्याने शांतपणे ऐकला आणि एका जाड हिरव्या फोकावर बोट ठेवून म्हणाला, "पण सिस्टर, या नव्या फांद्यांवर गेल्या वर्षी एकसुद्धा फूल नव्हतं. त्या ठेवून काय करायचं?" मला उत्तर येईना. मी एवढंच म्हटलं, "तुमच्या आईचा निरोप आहे, मी पोचवला." त्याने विळा खाली ठेवला.

परत आल्यावर त्याचा प्रश्न मी खालतीला सांगितला, तेव्हा ती त्या दुखण्यातही हसली. म्हणाली, "गेल्या वर्षी ते पोर होतं. यंदा ते नवरी होणार."

आता हे शास्त्राच्या भाषेत सांगते. गुलाबाच्या जाती दोन प्रकारच्या. बाजारात मिळणारे बहुतेक आधुनिक गुलाब त्याच मोसमात फुटलेल्या नव्या फांदीवर फुलतात. म्हणून बाबा ऑक्टोबरात छाटत, नवे धुमारे फुटत आणि त्यावर फुलं येत. जबल अखदरचा गुलाब म्हणजे दमास्कस गुलाब. तो वर्षातून एकदाच फुलतो. यंदा जमिनीतून जो फोक येतो तो नुसता वाढतो, हिवाळ्याची थंडी खातो आणि पुढच्या वसंतात त्याच्या अंगावर आखूड फांद्या फुटतात, त्यांच्या टोकाला फुलं येतात. हिवाळ्यात तो फोक कापला की वर्षाचं फूल गेलं. काही वर्षं फुलून काडी थकली, करडी पडली, की ती बुंध्यातून काढायची. पण फुलांचा हंगाम झाल्यावर, म्हणजे नव्या फोकांना वाढायला उन्हाळा मिळतो.

मार्चमध्ये खालती काठी टेकत घरी गेली. एप्रिलात लसीच्या दुसऱ्या फेरीला मी पुन्हा वर गेले. तिथे गुलाबाचा हंगाम मार्चच्या शेवटी सुरू होतो आणि मेच्या मध्यापर्यंत चालतो. गावात शिरताच वासाने कळलं. खालतीच्या खालच्या पायरीवर गुलाबी फुलांचा नुसता सडा. वरच्या पायरीवर हिरवीगार पानं, फूल नाही. माझ्या यंदाच्या कुंडीसारखीच, अगदी हुबेहूब.

मला वाटलं होतं खालती मुलाला बोलेल. ती बांधावर घोंगडी टाकून बसली होती आणि त्याच्याकडून पाटाचं पाणी वळवून घेत होती, आधी वरच्या पायरीला. फुलं नसलेल्या पायरीला आधी पाणी का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "पुढच्या वर्षीची फुलं आता तिथेच तयार होताहेत." मुलाने काही न बोलता दगड सरकवून पाणी सोडलं.

पाण्याचंही सांगायला हवं, कारण पाण्याशिवाय तिथे छाटणी कितीही नीट केली तरी फुकट. ओमानमध्ये डोंगराच्या पोटातून किंवा झऱ्यातून उताराने पाणी आणायचे जुने पाट आहेत, त्यांना फलज म्हणतात. असे सुमारे ३,००० फलज अजून वापरात असल्याचं युनेस्को सांगते आणि त्यातल्या पाच फलजांना २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. पाणी वाटतात ते वेळेने. प्रत्येक शेताची पाळी ठरलेली. पूर्वी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी मोजत. फलजांच्या एका प्रकाराला 'दाऊदी' म्हणतात. तिथली दंतकथा अशी की सुलेमान बिन दाऊद, म्हणजे आपला शलोमो हामेलेख, दाविद राजाचा मुलगा, उडत उडत ओमानात आला आणि लोक तहानलेले पाहून त्याने आपल्या हुकमातल्या जिनांना पाट खणायला लावलं. रोज हजार, असे दहा दिवस. खालतीने ही गोष्ट सांगितल्यावर मी म्हटलं, "हा राजा आमच्याही गोष्टीत आहे." ती म्हणाली, "मग पाणी तुझंही आहे, पी." आणि तांब्या पुढे केला.

फुलं सूर्य वर यायच्या आत तोडायची, कारण ऊन चढलं की वास उडून जातो. मग गुलाबपाणी. मातीची भट्टी, तिच्यात बसवलेली मातीची मडकी. मडक्यात पाकळ्या, पाकळ्यांवर तांब्याचं छोटं भांडं आणि मडक्याच्या तोंडावर गार पाण्याने भरलेलं तांब्याचं मोठं वाडगं. खालून जाळ लागला की वाफ वर जाते, गार वाडग्याच्या बुडाला लागते आणि थेंब थेंब आतल्या भांड्यात गळते. वाडग्यातलं पाणी कोमट झालं की बदलायचं. पाकळ्यांतला जीव गेला की नव्या घालायच्या. निघालेलं पाणी मातीच्या रांजणात महिनाभर तरी ठेवतात, गाळ खाली बसतो. हे पाणी रंगाने तांबूस असतं आणि त्याला धुराचा वास असतो. आपल्या कनौजलाही याच जातीच्या गुलाबाचं अत्तर काढतात. तिथे वाफ नळीने दुसऱ्या भांड्यात नेतात, इथे ती त्याच मडक्यात उतरते. आता जबल अखदरला स्टीलची यंत्रंही आली आहेत, त्यातून निघणारं पाणी स्वच्छ पांढरं असतं. पण ज्याच्या जिभेला धुराची चव लागली आहे, त्याला ते आवडत नाही. ओमानी हलव्यात हेच गुलाबपाणी घालतात.

१९८५ च्या मे महिन्यात मी नोकरी सोडली तेव्हा खालतीचा मुलगा इस्पितळात येऊन एक बाटली देऊन गेला. सरबताची जुनी बाटली, बुचाला मेण लावलेलं. म्हणाला, "वरच्या पायरीचं आहे." आमच्या घरी मलिद्याच्या ताटात त्यातलं थोडं थोडं शिंपडत मी ते तीन वर्षं पुरवलं. इस्राएलला आल्यावर तिकडे जाणं झालं नाही आणि खालतीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही.

आता वर चांगला रस्ता झाला आहे, हॉटेलं आली आहेत आणि गुलाबाच्या दिवसांत पर्यटक जातात. पण पाऊस बेभरवशाचा आणि थंडी कमी होत चालली आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, याच डोंगरावर १९८३ नंतर झाडांना मिळणारे हिवाळ्यातले थंडीचे तास घटत गेल्याचं दाखवलं आहे. १९८३, म्हणजे मी निरोप घेऊन वर गेले तेच वर्ष. अशा फळझाडांना आणि अशा गुलाबांना नीट फुलायला थंडी लागते. कात्री कितीही शहाणपणाने चालवली तरी थंडी काही कात्रीने आणता येत नाही.

माझ्या हायड्रेंजियाची गत खालतीच्या गुलाबासारखीच आहे. हे झाड मूळचं जपानचं. ओमानच्या सपाटीवरच्या उन्हात ते टिकत नाही, इथेही सांभाळावं लागतं. कुंडीत मिळतं ते मोठ्या पानांचं हायड्रेंजिया उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात काडीच्या टोकाला पुढच्या वर्षीची कळी धरतं. म्हणून ज्यांच्याकडे हे झाड आहे त्यांनी एवढं करावं:

१. झुबका सुकला की लगेच छाटा, फार तर जुलैपर्यंत. झुबक्याखाली जी पहिली जाड डोळ्यांची जोडी दिसेल तिच्या जरा वर कापा. शरद लागल्यावर कात्री कपाटात ठेवा.

२. हिवाळ्यात फक्त मेलेली काडी काढा. ओळखायची कशी? नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी आणि कोरडं असलं तर मेलेली.

३. झाड तीन-चार वर्षांचं झालं की दर वर्षी फुलांनंतर सगळ्यात जुनी एक-दोन काडी बुंध्यातून काढा, म्हणजे नव्या फोकांना जागा होते.

४. सकाळचं ऊन द्या, दुपारची सावली. माती ओलसर हवी, पण बशीत पाणी साचू देऊ नका. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून घाबरू नका. संध्याकाळी माती बोटाने पाहा आणि कोरडी असेल तरच पाणी घाला.

५. खत बेताने घाला. नायट्रोजन जास्त झालं तर पानंच पानं येतात.

६. नीलम हायड्रेंजिया आणून ते पुढे गुलाबी झालं तर दुकानदाराशी भांडू नका. माती आंबट असली आणि तिच्यात झाडाला घेता येईल असं अॅल्युमिनियम असलं, तर फूल निळं होतं. चुन्याच्या मातीत ते गुलाबी होतं, आणि इथली माती व पाणी बहुतेक चुन्याचंच.

एक अपवाद सांगते. हायड्रेंजियाच्या काही जाती, उदाहरणार्थ शंकूसारख्या लांबट झुबक्यांची, नव्या फांदीवर फुलतात. त्या हिवाळ्याच्या शेवटी छाटल्या तर चालतात. झाड घेतानाच विचारून ठेवा. विचारायचं राहिलं असेल तर पहिलं वर्ष काहीच कापू नका आणि फूल कुठल्या काडीवर येतं ते नुसतं बघा.

आता जन्माची नर्स आहे, तेव्हा दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिकेटर वापरण्यापूर्वी आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना स्पिरिटने पुसा. झाडांनाही संसर्ग होतो. गुलाब छाटताना जाड हातमोजे घाला. काटा बोचला तर जखम साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा आणि जखम चिघळली तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असलेल्यांनी तर अजिबात हयगय करू नये. आणि मुलांनो, हायड्रेंजियाची पानं किंवा फुलं तोंडात घालायची नाहीत, ती विषारी असतात.

नातवाला मी खरं काय ते सांगून टाकलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे आजी, तू चुकलीस?" मी म्हटलं, हो, चुकले. त्यानंतर त्याने खालतीच्या मुलाचं काय झालं ते दोनदा विचारलं. वरची पायरी पुढच्या वर्षी फुलली का, हे त्याला हवं होतं. फुलली, आणि त्यातलंच पाणी बाटलीत आलं होतं, हे ऐकल्यावर त्याचं समाधान झालं.

रोश हशानाच्या या दिवसांत रोज सकाळी आम्ही दोघं काड्यांची टोकं तपासतो. काल त्याला पाच जाड कळ्या सापडल्या. त्याने कुंडीवर हिब्रूत एक चिठ्ठी चिकटवली आहे: "कापू नये." खाली माझ्यासाठी मोडक्या मराठीत पुन्हा तेच. माझा चष्मा कधी कधी सापडत नाही, म्हणून अक्षरं मोठी काढली आहेत.

सर्व वाचकांना नववर्षाच्या शुभेच्छा. शाना तोवा.